अगत्तीची धावपट्टी आणि घरची शिदोरी

कोची विमानतळावरील काउंटरवर सांगलीच्या एका हळद-व्यापारी कुटुंबाची बॅग काट्यावर अडकली. तिच्यात खाखरे, थेपले, भाजलेले मूग, मेतकूट, सुक्या चटण्या आणि आक्कांची औषधे असा सारा संसार भरलेला होता. वजन मर्यादेपेक्षा सहा किलोंनी अधिक भरले. अण्णांनी खिशात हात घातला आणि जादा वजनाचे जे काही पैसे होतील ते घ्यावेत, असे सांगितले. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे मान हलवली. आजच्या फेरीला पैसे भरूनही जादा वजन नेता येणार नव्हते. चाळीस वर्षे बाजारात काढलेल्या माणसाला हे उत्तर पटणे कठीण होते. ज्या वस्तूला भाव नाही अशी वस्तू व्यापाऱ्याने क्वचितच पाहिलेली असते. शेवटी बॅग मागे राहिली. ती तिसऱ्या दिवशी बेटावर पोहोचली आणि तोपर्यंत आक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोचीतच होत्या.

ते विमान लक्षद्वीपमधील अगत्तीला जाणारे होते. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या दौऱ्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि तेव्हापासून दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिकडे जाण्याचा विचार अनेक कुटुंबांत होऊ लागला. बेत चांगलाच आहे. तथापि मुंबई, पुणे किंवा अहमदाबादच्या विमानतळांची सवय असलेल्या प्रवाशाला या छोट्या विमानतळाचे व्यवहार निराळे वाटतात. ते आधी समजून घेतले तर प्रवास सुखाचा होतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची आबाळ होत नाही.

लक्षद्वीप म्हणजे अरबी समुद्रात विखुरलेली छत्तीस बेटे. त्यांपैकी केवळ दहांवर वस्ती असून साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती ३२ चौरस किलोमीटरच भरते. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ६४,४७३ होती. एवढ्या प्रदेशात विमान उतरू शकेल अशी धावपट्टी एकच आहे आणि ती अगत्तीच्या दक्षिण टोकाला आहे. कवरत्ती ही राजधानी असली तरी तेथे विमान उतरत नाही. अगत्तीहून पुढे बोटीने किंवा हेलिकॉप्टरने जावे लागते. म्हणून बंगारम, तिन्नकरा, कडमत किंवा कवरत्ती यांपैकी कोठेही मुक्काम असला तरी हवाईमार्गाने जाणाऱ्याला अगत्ती चुकत नाही.

परवाना आधी, तिकीट नंतर

पहिली अडचण येते ती कागदाची. स्वतःच्याच देशातील प्रदेश असूनही लक्षद्वीपमध्ये पाऊल ठेवण्यास परवाना लागतो. १९६७ चे प्रवेश व निवासावरील निर्बंधांचे नियम त्यामागे आहेत. बेटावरील जवळजवळ सर्व मूळ रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात. त्यांची जमीन, त्यांचे जीवन आणि बेटांचे मर्यादित पाणी सुरक्षित राहावे हा त्यामागील हेतू. परवान्याचा अर्ज संगणकावरून भरता येतो. नोंदणीकृत पर्यटन संयोजकामार्फत किंवा शासकीय पर्यटन संस्थेच्या सहलीतून गेल्यास तो बहुधा तेच मिळवून देतात. बेटावर ओळखीचे कुटुंब असेल तर ते यजमान म्हणून उभे राहते.

आपल्याकडील कुटुंबांची येथे एक नेहमीची चूक होते. स्वस्तात मिळतात म्हणून तिकिटे आधी काढली जातात आणि परवान्याचे पाहू पुढे, असा विचार होतो. परवाना हाती नसेल तर मुख्य भूमीवरच्या विमानतळावर विमानात बसू देत नाहीत, आणि मग स्वस्त तिकीट सर्वांत महाग पडते. दुसरी चूक नावाची. आधारवर वडिलांसह पूर्ण नाव, तिकिटावर नुसते आद्याक्षर आणि परवान्यावर घरातले प्रचलित नाव, अशी तीन कागदांवर तीन रूपे असली तर तपासणीत वेळ जातो आणि कधी अडवणूकही होते. तिन्ही ठिकाणी एकच नाव, एकाच वर्तनीने असावे. लहान मुलांचे कागदही याच काटेकोरपणे पाहावेत. परवान्यावर ज्या बेटांची नावे असतील त्याच बेटांवर जाता येते, म्हणून अर्ज भरतानाच बेटांचा विचार करावा. अगत्तीला उतरल्यावर ‘जरा कवरत्तीही पाहून येऊ’ असे म्हणून चालत नाही. अमेरिका किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतलेले लेक-जावई सोबत असतील तर त्यांना मोजक्याच बेटांवर प्रवेश असतो. त्यांचा अर्ज स्वतंत्रपणे आणि बराच आधी करावा. परवान्याच्या चार-पाच छापील प्रती प्रत्येकाजवळ ठेवाव्यात. बेटावर उतरल्यावरही तो दाखवावा लागतो आणि भ्रमणध्वनीतील चित्र दाखवण्याच्या क्षणीच नेमकी बॅटरी संपते.

कोचीहून अगत्तीचे हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि विमानाला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. फार वर्षे हाच एक मार्ग होता. २०२४ च्या मार्चअखेर इंडिगोने बेंगळुरूहून आणि एप्रिलमध्ये फ्लाय९१ ने गोव्यातील मोपाहून सेवा सुरू केली. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुटुंबांना मोपा हे आंबोली घाटाने सावंतवाडीमार्गे मोटारीने गाठता येते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अशा छोट्या मार्गांचे वेळापत्रक ऋतूगणिक बदलते आणि फेऱ्या कमी-जास्त होतात. नातेवाइकाने मागील वर्षी सांगितलेल्या वारावर विसंबू नये.

कोचीमार्गे जाणाऱ्यांनी एक दिवस तेथे काढण्यासारखा आहे. मट्टनचेरीत गुजराती रोडवर धर्मनाथ भगवानांचे मंदिर आहे. ते १९०४ मध्ये बांधले गेले. मसाल्याच्या आणि खोबऱ्याच्या व्यापारासाठी समुद्रमार्गे आलेल्या कच्छी-गुजराती कुटुंबांची ही वस्ती. दुपारी मंदिरासमोर कबुतरांना दाणे घालतात ते पाहण्यास परदेशी पाहुणेही थांबतात. मुंबईतल्या धावपळीतून थेट बेटावर जाण्याऐवजी येथे दर्शन, साधे जेवण आणि रात्रीची झोप घेऊन सकाळचे विमान धरले तर वडीलधाऱ्यांना बरे पडते. विमानतळ मात्र नेडुम्बासेरीला आहे आणि मट्टनचेरीपासून तेथे जाण्यास सकाळच्या गर्दीत दीड तास धरावा.

सहा किलोंचा प्रश्न

आता अण्णांच्या बॅगेकडे वळू. काउंटरवरची मुलगी हटवादी नव्हती आणि विमान कंपनीही लोभी नव्हती. तिचे उत्तर धावपट्टीच्या लांबीतून आलेले होते.

कोचीची धावपट्टी ३,४०० मीटर लांब आहे. कोल्हापूरची वाढवून सुमारे १,९०० मीटर झाली. अगत्तीची मात्र सुमारे १,२०० मीटर. तिच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे आणि दोन्ही टोकांना पुढे सरकण्यास फारशी जागा नाही, कारण बेटच संपते. १९८८ च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली तेव्हा तेथे एकोणीस आसनी डॉर्निअर विमाने उतरत. आज सत्तरहून अधिक आसनांचे एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान येते. ते भरलेल्या अवस्थेत मोठ्या धावपट्टीवरून सहज उडते. येथे मात्र प्रत्येक किलो मोजला जातो.

विमान हवेत उचलले जाण्यासाठी विशिष्ट वेग लागतो आणि वजन जितके अधिक तितका तो वेग गाठण्यास लांब धावावे लागते. हवा तापली की विरळ होते. मग पंखांना आणि इंजिनांनाही तिचा आधार कमी मिळतो. म्हणूनच एप्रिलच्या दुपारी जे वजन उचलता येत नाही ते जानेवारीच्या सकाळी उचलता येते. समोरून वारा असेल तर मदत होते, मागून असेल तर अडचण. पाऊस पडून पट्टी ओली असेल तर थांबण्यास अधिक अंतर लागते. हे सर्व गणित प्रत्येक फेरीपूर्वी नव्याने मांडले जाते. त्यामुळे काल ज्या वजनाची बॅग गेली ती आज जाईलच असे नाही.

यात आणखी एक गोष्ट मिळते, ती इंधनाची. मुंबईला जाणाऱ्या विमानाला धुक्यामुळे उतरता आले नाही तर ते अहमदाबादला किंवा नागपूरला जाते. अगत्तीला उतरता आले नाही तर जवळपास दुसरी धावपट्टीच नाही. विमानाला पुन्हा मुख्य भूमीवर परतावे लागते. तेवढे इंधन निघतानाच टाकीत असावे लागते आणि त्या इंधनाचेही वजन असते. एखाद्या व्यापाऱ्याने परगावी माल पाठवताना गाडीभाड्यासोबत परतीच्या भाड्याचीही रक्कम गाठीला बांधावी, तसा हा प्रकार. जेव्हा वजन कमी करण्याची वेळ येते तेव्हा इंधन कमी करत नाहीत. आधी माल उतरतो, मग प्रवाशांच्या बॅगा मागे राहतात आणि तरीही भागले नाही तर काही आसने रिकामी ठेवावी लागतात. म्हणूनच विमानात जागा दिसत असूनही तिकीट मिळत नाही, असा अनुभव या मार्गावर येतो.

हे समजले की सामान कसे भरावे हे आपोआप ठरते. तिकिटावर छापलेली वजनमर्यादा ही विनंती नव्हे. घरच्या काट्यावर प्रत्येक बॅग स्वतंत्र तोलावी आणि एक-दोन किलो कमीच ठेवावी. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन छोट्या बॅगा असाव्यात, म्हणजे मागे राहिली तर एकच राहील. आणि औषधे, चष्मा, परवान्याच्या प्रती, दोन दिवसांचे कपडे व एका दिवसाची शिदोरी हे सर्व हातातल्या पिशवीत असावे. आक्कांची औषधे बॅगेत गेली, कारण सुनेने ‘सगळी औषधे एका जागी’ असा व्यवस्थित विचार केला होता. घरात तो विचार उत्तम. प्रवासात गोळ्या दोन ठिकाणी विभागलेल्या बऱ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही असावी. आक्कांना बेटावरील रुग्णालयात तात्पुरत्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी आपुलकीने तपासले आणि पैसे घेतले नाहीत. परंतु गंभीर आजाराच्या रुग्णाला येथून हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते, हे हृदयविकार असलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या वडीलधाऱ्यांना नेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

एटीआर विमानात डोक्यावरचे कप्पे छोटे असतात. मोठ्या विमानांत सहज बसणारी चाकांची हातबॅग त्यांत मावत नाही, त्यामुळे हातातले सामान मऊ पिशवीत असावे. चढण्या-उतरण्याचे दार मागच्या बाजूला असते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मागील रांगांतील आसने मागून घ्यावीत. पायऱ्या अरुंद आहेत आणि विमानतळावर जोडपूल नाही. चाकाची खुर्ची किंवा उतरण्यास मदत लागणार असेल तर तिकीट काढतानाच कळवावे. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, म्हणून जवळजवळ कोणत्याही खिडकीतून खालचे दृश्य अडत नाही. उतरताना गडद निळ्या समुद्रात अकस्मात फिकट हिरव्या पाण्याचे वर्तुळ दिसते, त्यात नारळांची लांबट पट्टी आणि तिच्या टोकाला करड्या रंगाची रेघ. ती रेघ म्हणजे धावपट्टी. चाके टेकताच ब्रेक जोरात लागतात आणि शरीर पुढे झुकते. तेथे असेच उतरतात. घाबरण्याचे कारण नाही, मात्र पट्टा घट्ट असावा.

ताटाचा विचार

अगत्तीवर नारळ, मासळी आणि तांदूळ हे मुख्य अन्न. कुपा मासा पकडण्याचा व्यवसाय हाच बेटाचा आधार आहे. जाळे न टाकता गळाने एकेक मासा पकडण्याची येथील पद्धत प्रसिद्ध आहे. धक्क्यावर आणि अंगणांतून मासळी वाळत घातलेली दिसते व तिचा वास येतो. जैन कुटुंबाला ते अवघड वाटणे स्वाभाविक आहे, परंतु मुलांसमोर नाक मुरडू नये. ज्या भूमीत नारळाखेरीज फारसे काही पिकत नाही तेथे माणसे समुद्रावर जगतात. त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जाताना हे मनाशी स्पष्ट असलेले बरे.

सोय मात्र होते, जर आधी सांगितले तर. भाजी, डाळ, कांदे-बटाटे सारे काही जहाजाने मुख्य भूमीवरून येते. ‘शाकाहारी’ एवढे सांगितल्यास बटाट्याची भाजी आणि कांद्याचे सांबार पुढे येईल. ‘मासळी, मांस, अंडी चालत नाहीत, तसेच कांदा, लसूण, बटाटा, गाजर असे जमिनीखालचे काहीही चालत नाही’ असे मल्याळममध्ये लिहून घेऊन संयोजकाला आणि मुक्कामाच्या स्वयंपाक्याला आठवडाभर आधी पाठवावे. कोचीतील कोणीही परिचित दोन मिनिटांत ते लिहून देईल. भात, डाळ, भोपळा, दुधी, कच्ची केळी, नारळाचे दूध यांतून उत्तम ताट होते. खाखरे आणि थेपले यांची जोड असली की चार दिवस निघतात. लोणच्याची बरणी विसरावी. तेल गळते आणि सुरक्षा तपासणीत ती हातातल्या पिशवीतून काढावीही लागते.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी घड्याळाची एक गंमत आहे. लक्षद्वीप मुंबईच्या रेखांशाच्या आसपासच आहे, पण बरेच दक्षिणेला. त्यामुळे हिवाळ्यात तेथे दिवस मोठा असतो. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्यास्त सहा-दहाच्या सुमारास होतो, तर अगत्तीला तो साधारण साडेसहाला. उन्हाळ्यात नेमके उलटे होते आणि मे-जूनमध्ये तेथला सूर्य मुंबईच्या आधी मावळतो. घरच्या पंचांगावर विसंबून नवकारसी किंवा चौविहाराची वेळ धरू नये. बोटीने फिरून परतताना उशीर होतो, म्हणून संध्याकाळचे जेवण कितीला हवे हे सकाळीच सांगून ठेवावे. पाणी उकळून घेणाऱ्यांनी छोटी विजेची किटली न्यावी.

पाण्याविषयी दोन शब्द अधिक. बेटाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर असतो आणि तो खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी वर येते. यावर उपाय म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला आणि २०११ मध्ये अगत्ती व मिनिकॉयला समुद्राचे पाणी गोड करणारे प्रकल्प उभे राहिले. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होते आणि खोल समुद्रातून खेचलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा द्रव होते, अशी ही युक्ती. आंघोळीचे पाणी बादलीत मोजून वापरण्याची आपली जुनी पद्धत येथे फार शोभते.

रोख रक्कम थोडी अधिक ठेवावी. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्रतळावरून आलेल्या तारेचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून संदेशवहन पुष्कळ सुधारले आहे, तरी प्रत्येक होडीवाल्याकडे मोबाइलवरून पैसे चालतील असे गृहीत धरू नये. मद्य वस्तीच्या बेटांवर निषिद्ध आहे. गावातून फिरताना सर्वांनीच अंगभर कपडे घालावेत. वस्ती जवळजवळ संपूर्ण मुस्लिम आहे आणि आपल्या जुन्या गावांसारखीच संकोची.

परतीचा दिवस

जाताना बहुधा सारे उत्साहात असतात. खरी परीक्षा परतताना होते.

सांगलीच्या कुटुंबाने पुणे-कोची एका कंपनीने आणि कोची-अगत्ती दुसऱ्या कंपनीने, अशी वेगवेगळी तिकिटे काढली होती. परतीच्या दिवशी अगत्तीहून दुपारी निघून त्याच संध्याकाळी कोचीहून पुण्याचे विमान होते. कागदावर चार तास मोकळे दिसत होते. त्या सकाळी ढग आले आणि जोराचा पाऊस सुरू झाला. विमान बेटावर येऊन दोन घिरट्या घालून परत गेले. साऱ्या प्रवाशांनी त्याचा आवाज ऐकला, पण ते दिसले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येईल असे सांगण्यात आले. तोपर्यंत पुण्याचे विमान निघून गेले होते आणि सात जणांची परत न मिळणारी तिकिटे त्यासोबत गेली. दोन तारखेला मिरजेत भाचीचा साखरपुडा होता आणि अण्णा त्या घरचे वडील मामा.

नियम काय सांगतो ते माहीत असावे. फेरी रद्द झाली तर विमान कंपनीने तिकिटाचे पैसे परत द्यावेत किंवा पुढील फेरीत जागा द्यावी. मात्र कारण हवामानाचे असेल तर भरपाई मिळत नाही. आणि दुसऱ्या कंपनीचे स्वतंत्र तिकीट हुकले तर त्याची जबाबदारी पहिलीवर येत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तरच पुढची सोय करणे कंपनीकडे जाते. म्हणून शक्य असेल तर अखेरपर्यंत एकच तिकीट काढावे, आणि नसेल तर अगत्ती आणि घरचे विमान यांच्यात एक पूर्ण रात्र ठेवावी. कोचीतील एका रात्रीचा खर्च हा विम्याच्या हप्त्यासारखा धरावा. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लग्नकार्य, न्यायालयाची तारीख किंवा विवरणपत्राची शेवटची मुदत ठेवू नये.

हवामानाची ही अनिश्चितता केवळ पावसाळ्यापुरती नाही. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभी ओखी चक्रीवादळ लक्षद्वीपवरून गेले, ऐन हंगामात. सर्वसाधारणपणे ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ प्रवासास योग्य मानतात. त्यानंतर समुद्र खवळतो आणि बेटाबेटांतील बोटी थांबतात. आपल्याकडे चातुर्मासात प्रवास कमीच होतो, त्यामुळे हे सहज जुळते. विमान आले नाही तर कोचीला जाणारे प्रवासी जहाज हा दुसरा मार्ग. त्याला बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात आणि हंगामात त्यावरही जागा आयत्या वेळी मिळत नाही.

परतीच्या सामानात काय आहे हेही पाहावे. मुले किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलतात आणि ते खिशात राहतात. प्रवाळ आणि समुद्रकाकडी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडाही नेता येत नाही. अगत्तीच्या तपासणीत बॅगा उघडल्या जातात. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी तो तुकडा म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांचे घर, आणि सारे बेट त्यांच्याच सांगाड्यांवर उभे आहे. जैन घरातल्या मुलाला एवढे सांगितले की खिसा आपोआप रिकामा होतो.

आता खोबरे. नारळाच्या बेटावर जाऊन सुके खोबरे आणावेसे वाटणारच. भावही बरा असतो आणि चटण्यांना लागतेही. पण सुक्या खोबऱ्यातील तेलामुळे ते कोंदट जागी आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक पदार्थांत मोडते आणि सामानातून काढून घेतले जाते. त्याऐवजी नारळ आणि गूळ यांचा हलवा आणावा; घटक विचारून घ्यावेत. काथ्याची पायपुसणी हलकी असतात. या काथ्याला मोठा इतिहास आहे. शेकडो वर्षे बेटांवरचे लोक ओडम नावाच्या शिडाच्या होड्यांतून काथ्या आणि खोबरे मंगळूर-कण्णूरच्या बाजारात आणत आणि बदल्यात तांदूळ नेत. राज्यकर्त्यांनी काथ्याचा व्यापार आपल्या ताब्यात घेऊन भाव ठरवून टाकले होते, त्यामुळे बेटकऱ्याला तांदूळ किती मिळणार हे त्याच्या हाती नसे. व्यापारी घरातल्या वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अगत्तीला त्या रात्री सांगलीच्या कुटुंबाला विश्रामगृहात खोली मिळाली नाही. ती पुढच्या पाहुण्यांना दिलेली होती. ज्यांच्या होडीतून नातवंडे फिरली होती त्या होडीवाल्याने आपल्या घरची एक खोली मोकळी करून दिली. त्याच्या पत्नीने नवा अल्युमिनियमचा टोप काढला, त्यात मासळी कधी शिजलेली नाही असे हाताने खुणावून सांगितले, आणि आक्कांना स्वतःच भात शिजवायला चुलीपाशी जागा करून दिली. सूर्य मावळायला पाऊण तास होता. आक्कांनी भात आणि मुगाचे वरण केले. तिसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या बॅगेतले उरलेले खाखरे त्या घरच्या मुलांनी आवडीने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आकाश उघडले आणि विमान उतरले. बॅगा आता हलक्या होत्या, कुठलीही अडली नाही. कोचीहून पुण्याची नवी तिकिटे काढावी लागली आणि ती जुन्यांच्या अडीचपट पडली. दोन तारखेच्या संध्याकाळी गाडी मिरजेत पोहोचली तेव्हा साखरपुडा उरकला होता, पण जेवणावळ चालू होती. भाचीने मामांसाठी ओटीचा नारळ बाजूला ठेवला होता. अण्णांनी तो हातात घेऊन त्याचे वजन किती भरेल याचा अंदाज केला, आणि ते पाहून आक्कांना हसू आवरेना.